पांढऱ्याखाली काळे, काळ्याखाली पांढरे

मित्रांनो, टोप म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं पातेलं आलं असेल, तर ते आधी खाली उतरवून ठेवा. मी एक जुना केसांचा टोप आहे. नटनट्या डोक्यावर चढवतात ना, त्यातला. माझा रंग पांढरा. पण वयामुळे पांढरा झालो असं समजू नका. मी जन्मलो तोच म्हातारा.

माझा जन्म एका अरुंद खोलीत झाला. तिथे खिडकीपाशी टोप विणणारा कारागीर बसायचा. त्याच्या हातात आकड्यासारखी वाकडी सुई असे. बारीक जाळीच्या एकेका भोकातून तो एकेक केस ओढून घ्यायचा आणि गाठ मारायचा. दीड महिना त्याची मान वर झाली नाही. माझे केस कुणाकुणाच्या डोक्यांवरून आले होते, देव जाणे. पण एकदा माझ्यात आल्यावर सगळे गुण्यागोविंदाने नांदले, हे खरं.

मला बनवलं होतं एका नामवंत नटीसाठी. चित्रपटात तिला आजीचं काम होतं. मला पाहताच तिचा पारा चढला. "मला म्हातारी करायला निघालात?" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. खरं तर तिने पंचावन्नी कधीच ओलांडली होती! इकडे दिवे लागलेले, कॅमेरा तयार, आणि आजीचा पत्ता नाही. मग रंगभूषा करणाऱ्या काकांनी मला उचललं आणि गर्दीच्या दृश्यासाठी आलेल्या बायकांच्या रांगेपुढे ते उभे राहिले. एकेकीच्या डोक्यावर मला ठेवून पाहू लागले. कुणाला मी घट्ट, कुणाला ढगळ. रांगेत शेवटून तिसरी एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती. बाजाराच्या दृश्यात रिकामी टोपली घेऊन मागून जाणं एवढंच तिचं काम. तिच्या डोक्यावर मात्र मी असा चपखल बसलो, की काकांनी टाळीच वाजवली.

"वाक्यं पाठ होतील का गं?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे का?"

"चाळीस आहेत."

"मग बरं. एकच असलं की चुकतं."

अशी तिला पहिली भूमिका मिळाली, ती अभिनयामुळे नव्हे, डोक्याच्या मापामुळे. पुढे टिकली ती मात्र स्वतःच्या कष्टावर. मी तिला बाईच म्हणतो, कारण सेटवर सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. बाईंनी म्हातारपण शिकायचं ठरवलं आणि विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला. दवाखान्याच्या बाकावर जाऊन त्या तासन्‌तास बसत. म्हातारी माणसं खुर्चीत बसण्याआधी हाताने खुर्ची चाचपतात, उठताना आधी गुडघ्याला विचारतात, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, हे सगळं त्यांनी तिथे टिपलं. पायांत त्या एक माप मोठ्या चपला घालत. चप्पल निसटू नये म्हणून पाऊल आपोआप आखूड पडे. मी डोक्यावर चढलो, की त्या दोन मिनिटं डोळे मिटून बसत. खांदे हळूहळू उतरत. डोळे उघडत तेव्हा आरशात सत्तर वर्षांची बाई बसलेली असे.

गंमत सांगू? त्या चित्रपटात त्यांचा मुलगा झालेला हिरो त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा होता. "आई, मी परत आलो!" म्हणून तो पायाशी पडायचा आणि दृश्य संपलं की, "काय पोरी, जेवलीस का?" असं विचारायचा.

मग कामाचा ओघच सुरू झाला. मी आई झालो, आजी झालो, सासू झालो, विधवा झालो, एकदा तर महाराणी झालो. बाईंचा नवरा स्टुडिओत सुतार होता. त्याने माझ्यासाठी लाकडाचं एक डोकं कोरून दिलं. आठवड्यातून एकदा बाई मला सौम्य साबणाने धूत, सावलीत वाळवत, बारीक कंगव्याने विंचरत. माझी जाळी उसवली तर स्वतः टाका घालत. वर्तमानपत्रात छापून यायचं, "इतक्या तरुण वयात इतकी खरी म्हातारी!" ते कात्रण वाचताना बाई हसत आणि माझ्यावरून हात फिरवत. मला काय, मूठभर मांस चढे. टोपाला मांस नसतं, तरी चढे.

आता जे सांगतो, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

चाळिशीला आल्या आल्या बाईंचे स्वतःचे केस पांढरे होऊ लागले. सगळ्यात आधी मला कळलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, चला, आता आपली सुट्टी. पण झालं उलटंच. बाईंनी केसांना काळा कलप लावायला सुरुवात केली. त्यांचे केस आतून पांढरे, त्यावर काळा कलप आणि त्याच्यावर पुन्हा मी पांढरा! असा तीनमजली कारभार डोक्यावर घेऊन त्या रोज कामाला जायच्या. दर रविवारी न्हाणीघराचं दार लावून, दात घासायच्या जुन्या ब्रशने त्या कलप लावत. मानेमागे हात पोहोचत नसे. तिथे त्यांची लेक लावून द्यायची.

एकदा लेक चिडली. "आई, पुरे गं हे. सगळं जग तुला म्हातारी म्हणूनच ओळखतं. मग लपवतेस काय?"

"ती म्हातारी खोटी आहे ना, म्हणून लोकांना आवडते," बाई म्हणाल्या. "खऱ्या म्हातारीला कोण गं काम देतं? तिला म्हणतात, आराम करा."

'आराम करा.' स्टुडिओत या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. वय झालेल्या नटीला पाठ राहत नाही, उन्हात चक्कर येते, असं तोंडावर सांगून तिला कुणी घालवत नसे. फक्त अतिशय गोड आवाजात 'आता आराम करा' म्हणत, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी यायची बंद होई. बाईंना काम हवं होतं. नवरा गेल्यावर तर ते काम हाच त्यांचा श्वास होता. म्हणून ते दोन शब्द कानावर पडू नयेत, एवढ्यासाठी त्यांनी बारा वर्षं कलप लावला.

तेराव्या वर्षी कलपानेच घात केला. डोक्यावर पुरळ उठलं, आग आग होऊ लागली. डॉक्टरांनी कलप साफ बंद करायला सांगितला. चार-पाच महिन्यांत पांढरे केस बोटभर वर आले, आणि लेकीने उरलेली काळी टोकं कापून टाकली. नेमकं तेव्हाच दूरचित्रवाणीवरच्या नाटकाचं बोलावणं आलं. त्या काळी ही नाटकं थेट दाखवत. म्हणजे इकडे नट बोलला की त्याच क्षणी घराघरांत ऐकू आलं. चूक झाली तर पुसायची सोय नाही.

बाई डोक्याला रुमाल बांधून आल्या आणि रंगभूषेच्या खोलीची कडी लावून बसल्या. काका बाहेरून दार वाजवत राहिले. "बाई, टोप मी बसवतो की! आज काय एवढं?" बाईंनी दार उघडलं नाही. त्यांनी स्वतःच गोंद लावला, स्वतःच मला चढवलं. उजव्या कानाशी गोंद कमी पडला. मला ते जाणवत होतं. पण टोपाने बोलायचं कुणाशी? माझी जाळीही आता विरली होती. दोष एकट्या गोंदाचा नाही, थोडा माझाही आहे.

नाटकात पुन्हा तोच जुना हिरो त्यांचा मुलगा होता. गरीब आईचा परागंदा झालेला मुलगा पंधरा वर्षांनी घरी येतो आणि खाटेवर बसलेल्या आईला मिठी मारतो, असा प्रसंग. गरीब मुलाच्या हातात घड्याळ कसं असेल? पण हिरो आपलं घड्याळ काढायला विसरला होता. मिठी मारताना त्याचा हात बाईंच्या मानेवर आला, माझे केस पट्ट्याच्या कडीत अडकले, आणि तो मागे सरला तसा मीही त्याच्या मनगटाला लोंबकळत निघून आलो.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालूच होता. हिरो कधी मनगटाकडे, कधी बाईंकडे बघू लागला. काकांनी डोळ्यांवर हात घेतला. मी अधांतरी लटकत बाईंकडे पाहत होतो, आणि सगळ्यांसमोर उघडे पडलेले ते आखूड, घामाने चिकटलेले पांढरे केस पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी डोक्यावरून सावकाश हात फिरवला. मग त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "असा बघतोस काय रे? तू गेलास आणि केसही गेले. लोकांनी हसू नये म्हणून हा घालत होते. आता तू आलास. तुझ्यापुढे कशाला लपवू?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. हिरोला मात्र खरंखुरं रडू फुटलं. त्याने मला मनगटावरून सोडवलं, दोन्ही हातांनी बाईंच्या मांडीवर ठेवलं, आणि नाटक पुढे चाललं. घरोघरी लोक डोळे पुसत होते. त्यांना वाटलं, हे असंच लिहिलंय.

नाटक संपल्यावर दिग्दर्शक काचेच्या खोलीतून धाडधाड जिना उतरून आले. बाई उठून उभ्या राहिल्या. आता ते दोन शब्द येणार म्हणून त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं होतं.

"हे केस खरे आहेत?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"बारा-तेरा वर्षं झाली."

"आणि आम्ही वेडे दर वेळी तासभर तुमच्यावर म्हातारपण रंगवत बसतो!" त्यांनी कपाळावर हात मारला. "पुढच्या महिन्यात दुसरं नाटक आहे. टोप घरी ठेवून या."

सगळंच गोड झालं असं नाही, मित्रांनो. दोन चित्रपट-निर्मात्यांनी गोड आवाजात निरोप धाडलाच. निम्मं काम गेलं. उरलेल्या निम्म्यात बाई अकरा वर्षं आपल्याच केसांनी वावरल्या आणि रविवारी सकाळी न्हाणीघराचं दार उघडं राहू लागलं. मी कागदात गुंडाळून खोक्यात गेलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. कसर लागली, एका बाजूचे केस गळाले, लाकडाचं डोकं तर कुठे गेलं कुणास ठाऊक. पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

एका दुपारी बाईंच्या नातीने खोकं उघडलं. आठ वर्षांची पोर. मला डोक्यावर घालून, नाकापर्यंत ओढून, ती बाहेरच्या खोलीत नाचत आली. बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या. दूरचित्रवाणीवर एक जुना चित्रपट चालू होता, आणि पडद्यावर मी होतो. माझ्याखाली बाई होत्या.

"आजी, ही तू?" नात किंचाळली. "अगं, तू तर मुळीच बदलली नाहीस! तेव्हाही अश्शीच होतीस!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "म्हातारी नाहीये गं ती. सत्तावीस वर्षांची पोरगी आहे."

तेव्हा मला उमगलं, मित्रांनो. इतके चित्रपट, इतकी नाटकं, पण बाईंचं तरुणपण कुठेच दिसत नाही. ते सगळं माझ्याखाली झाकून गेलं. मला जिचा अभिमान, तिचंच मी एवढं घेतलं.

नातीने मला काढून सोफ्यावर टाकलं आणि आजीच्या मांडीला टेकून विचारलं, "मग तुझे खरे केस कसे होते गं, आजी?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारला नव्हता. बाईंनी दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला. "काळेभोर," त्या म्हणाल्या, "आणि इतके दाट, की सकाळी धुतले तर..." आणि बोलतच राहिल्या. चित्रपट संपला, खोलीत ऊन कललं, तरी बोलतच राहिल्या.

मला सावलीत वाळवा, कसरीपासून जपा, असं सांगायलाच खरं तर मी हे बोलणं सुरू केलं होतं. ते राहू द्या. टोप पुन्हा विणता येतो. तुमच्या घरात पांढऱ्या केसांचं कुणी असेल, तर त्यांना एकदा एवढं विचारा, की तुमचे केस पूर्वी कसे होते. आणि विचारल्यावर लगेच उठू नका. उत्तर जरा लांबतं.