दुसरी किल्ली

तिने किल्ली कुलपात घातली, डावीकडे फिरवली आणि खांद्याने दार ढकलून खोलीत पाऊल टाकलं. तिच्यामागून धुतलेल्या चादरी घेऊन जिना चढत आलेली घरमालकीण दारातच थबकली.

"अगं बाई! हे कसं जमलं तुम्हाला?"

"काय?"

"दार उघडणं! इथे उतरणारा प्रत्येक जण आधी कुलपाशी झटापट करतो, मग मला हाका मारतो. म्हणून तर चादरींचं निमित्त करून मी मागोमाग येते. आमच्या गल्लीतल्या किल्ल्या उलट्या फिरतात."

तिने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. उलटं काय झालं हेच तिला क्षणभर कळेना. तिच्या वडिलांच्या दुकानातलं प्रत्येक कुलूप डावीकडेच उघडायचं. तिकडच्या बाजारात तशी कुलपं करणारं त्यांचं एकच दुकान. गिऱ्हाईक कुरकुरलं की वडील सांगायचे, घराण्याची रीत आहे, पटत नसेल तर समोरचं दुकान उघडं आहे. ही रीत घातली होती तिच्या डावखुऱ्या खापरपणजोबाने. त्याच्या कुलपांची रीत घराण्याने सांभाळली, पण त्याचं नाव मात्र कुणी तोंडातून काढत नसे.

ती मटकन खाटेवर बसली.

"हे कुलूप केलं कुणी?"

"डाव्या मिस्त्रीने. दुसरं कोण करणार? पण तुमचा चेहरा का असा उतरला? पाणी आणू?"

पाणी नको होतं. त्या माणसाच्या मागावरच तर ती समुद्र ओलांडून आली होती. एका व्यापाऱ्याच्या कपाटाला त्याने कुलूप करून दिलं, गुपचूप एक किल्ली स्वतःकडे ठेवली आणि एक दिवस त्याच किल्लीने आतली चांदी लांबवली. पकडला गेला. बायको आणि तान्हा मुलगा मागे टाकून सजा भोगायला इथे, जगाच्या या टोकाला आला. मग घराण्यात नियम झाला, कुलूप घडवणाऱ्याने किल्ली एकच करायची आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. कुणाची हरवली तर तिचे वडील कुलूप फोडून नवं करून देत, पण दुसरी किल्ली करत नसत. किती गिऱ्हाइकं त्यापायी तुटली! कुणाच्या घरी काम करून निघताना तर ते कुणी मागितलं नसतानाही दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. लहानपणी तिला ती गंमत वाटायची. कळू लागल्यावर ती त्या वेळी दुसरीकडे बघू लागली.

यंदा वडिलांचे गुडघे पार गेले, तेव्हा त्यांनीच तिला धाडलं होतं. "सुटल्यावर त्याने पुन्हा कुठे हात मारला का, आणि मरताना जवळ कुणी होतं का, एवढं बघून ये," असं म्हणाले होते. "वाईट असेल तरी सांग. माझ्यापासून लपवू नकोस."

आज सकाळी बोटीतून उतरल्यावर तिने पिशवी इथे खालीच ठेवली आणि तडक सरकारी दफ्तरखाना गाठला. कारकून भला माणूस होता, त्याने धूळ खात कपाटं उपसली. सजा भोगून सुटला, धंदा कुलपांचा, इथवर कागद बोलले. पुढचे कागद कधीकाळी छत गळून भिजले होते, त्यांचा नुसता लगदा उरला होता. ती हात हलवत परत आली होती.

"तो माझा खापरपणजोबा," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "चोर होता, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"नसायला काय झालं? तो स्वतःच सांगत सुटायचा!" मालकीणबाईंनी चादरी बाजूला टाकल्या आणि ऐसपैस बसकण मारली. "आमच्या घराचं कुलूप त्याचं इथलं पहिलं काम. हातात एकच किल्ली ठेवली आणि म्हणाला, मी स्वतः घडवलेलं कुलूप स्वतः उघडून चोरी केली आहे, दुसरी किल्ली करायला सांगू नका. आता आमची खापरपणजी म्हणजे महा विसरभोळी. दर महिन्याला किल्ली हरवायची, दर महिन्याला हा कुलूप फोडायचा. शेवटी ती कावली. म्हणाली, मुकाट्याने दुसरी किल्ली कर आणि तुझ्याकडेच ठेव. तो पाया पडायला लागला, नको म्हणून. तर म्हणते कशी, अरे, तू चोर आहेस हे निदान मला ठाऊक तरी आहे. बाकीच्यांचं मी काय सांगू?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"मग?"

"मग काय, शेजारीण आली आपली किल्ली घेऊन, तिच्या मागून तिची जाऊ आली. बघता बघता सगळी गल्ली. चला, दाखवते."

खाली स्वयंपाकघराशेजारच्या बोळात एक लाकडी फळी होती. खिळ्याखिळ्याला किल्ली लटकलेली, काही जुन्या काळ्या पडलेल्या, काही बाजारातल्या नव्या चकचकीत. त्या दोघी उभ्या होत्या तेवढ्यात पुढच्या दाराने एक बाई घाईघाईने आत आली, "माझी आतच राहिली गं," म्हणाली, आपली किल्ली काढून घेतली आणि आली तशी निघूनही गेली.

"ही फळी त्याची," मालकीणबाई म्हणाल्या. "शेवटी डोळे गेले बिचाऱ्याचे. मग गल्लीने त्याचं करायला पाळ्या लावल्या. माझी पणजी तेव्हा नवी नवरी होती. तिच्या हातचं पाणी पिऊन गेला. जाताना म्हणाला, फळी तुझ्याकडे ने पोरी, तुमच्या घरी कायम कुणी ना कुणी असतं. मुलाची आठवण फार काढायचा. तिकडे कुलपं करत असेल, म्हणायचा."

तिने फळीवरून हात फिरवला. मग तिथेच उभं राहून वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सांगताना दोनदा थांबून तिने पुन्हा सुरुवात केली.

"सगळ्या गल्लीच्या किल्ल्या?" वडिलांनी विचारलं.

"हो, बाबा."

"ठाऊक असून?"

"त्यानेच सांगितलं होतं."

वडिलांनी नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरत राहिले.

"अगं, आपल्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सकाळी आल्या होत्या. एकट्या राहतात, कधी पडल्याबिडल्या तर दार कोण उघडणार? दुसरी किल्ली करा आणि तुमच्यापाशी ठेवा, म्हणत होत्या. मी अंगावर ओरडलो त्यांच्या. बिचाऱ्या तोंड पाडून गेल्या."

"मग आता?"

पलीकडून खण उघडल्याचा आवाज आला, मग लोखंडी वस्तूंची खुडबुड, मग दुसरा खण.

"आता काय? ती बारीक कानस कुठे ठेवून गेलीस तू?"