दुपारनंतरचं सत्र

मंठ्याच्या कॉलेजात कुणाला परिषदेला जायचं असलं की त्याचे पाय आपसूक सोमेश्वर सरांच्या टेबलाकडे वळायचे. सर भूगोल शिकवत. वीस वर्षांची नोकरी, भारदस्त आवाज, आणि सल्ला द्यायची हौस. "हॉलमध्ये एसी फार असतो, शाल घेऊन जा. नोंदणी सकाळीच उरकायची, नाहीतर परिषदेच्या बॅगा संपून जातात. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स ठेवा." लोक लिहून घेत.

ग्रंथपाल अफ्रीन मॅडमनीही लिहून घेतलं. ग्रंथपालांच्या परिषदेत निबंध वाचायला त्या कोल्हापूरला निघाल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या बायांसाठी कॉलेजची लायब्ररी उघडी ठेवायची, हा त्यांचा उपक्रम. दोन वर्षांत कोणत्या बाईनं काय वाचलं, याच्या नोंदी त्यांनी स्वतः ठेवल्या होत्या.

"सर, निबंध चार वाजता आहे. तवर बसून राहायचं का?"

"छे! जेवणानंतरचं सत्र कुणी ऐकत न्हाई. निम्मी परिषद बाहेरच असते. जेवण झालं की रंकाळा बघा, नवा राजवाडा बघा. साडेतीनला परत या, बिलकुल टेन्शन घेऊ नका."

हे सांगताना सरांना कसलीच शंका आली नाही. इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

चार दिवसांनी प्राचार्य अण्णासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. अफ्रीन मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं म्हणून आयोजकांनी निबंध अडीचलाच सुरू केले. कॉलेजचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि मॅडम तेव्हा रंकाळ्यावर होत्या. आयोजकांचं पत्र आलं होतं.

"कर्तव्यरजा घेऊन तळं बघायला गेल्या!" अण्णासाहेब म्हणाले. "कॉलेजची काही इज्जत हाय का न्हाई? कुणी सांगितलं होतं तुम्हाला बाहेर जायला?"

सरांची कानशिलं एकदम तापली. त्यांनी समोरच्या हजेरीपटावर नजर रोवली. आता मॅडम आपलं नाव घेणार.

"कुणी न्हाई, सर," मॅडम म्हणाल्या. "माझीच चूक झाली."

कारणे दाखवा नोटीस त्यांच्या हातात पडली. बोलायला एक क्षण होता, तो सरांनी खोकण्यात घालवला.

संध्याकाळी मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि कोल्हापूरच्या चपलांचा जोड सरांच्या टेबलावर ठेवला. "सर, तुमच्यासाठी. शाल बराबर कामाला आली."

तो जोड घरी नेताना सरांना वाटलं, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघून राह्यला. घरी बायको शिवकन्या म्हणाली, "कुणी दिल्या?" त्यांनी जोड कोपऱ्यात सरकवला. जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत गेले. मॅडम पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"मॅडम, एक सांगायचं होतं. मी आयुष्यात एकाच परिषदेला गेल्तो, नाशिकला. दारातूनच आतल्यांचं इंग्रजी ऐकलं आणि पाय आत पडेनात. मंग दोन दिवस शहर फिरलो. बॅग घेऊन परत आलो. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगत आलो."

मॅडमच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटून राहिली.

"म्हणजे दुपारचं सत्र कसं असतं, हे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"सकाळचंही न्हाई."

"दोन वर्षं मी त्या बायांची पुस्तकं लिहून ठेवली होती, सर. त्यातल्या चांगुणाबाई तर मला विचारून गेल्या, आमचं नाव तिथं घेतलं का." त्यांचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. "मला सांगून काय उपयोग? लिहून द्या."

सर रिकाम्या वर्गात बसले. पहिल्या कागदावर 'गैरसमजामुळे' असं लिहिलं आणि स्वतःलाच लाज वाटून तो फाडला. दुसऱ्यावर 'माझ्या सूचनेचा चुकीचा अर्थ' असं आलं. म्हणजे दोष पुन्हा मॅडमच्याच माथी. तोही गेला. तिसऱ्यावर साधं लिहिलं: मॅडम माझ्या सल्ल्यावरून बाहेर गेल्या. मी स्वतः कोणत्याही परिषदेच्या सभागृहात कधी बसलेलो नाही, तरी अनुभवी असल्याचं भासवत आलो. काल सर्वांसमोर मी गप्प राहिलो.

कार्यालयात ओमप्रकाश लिपिकानं अर्ज वाचला. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"सर, हे आवक नोंदीत घेऊ? एकदा नंबर पडला की..."

"घ्या," सर म्हणाले.

अण्णासाहेबांनी नोटीस मागे घेतली आणि आयोजकांना पत्र पाठवलं. मॅडमचा निबंध परिषदेच्या अंकात छापायचं आयोजकांनी मान्य केलं. वाचायची संधी मात्र गेली ती गेलीच. स्टाफरूममध्ये महिनाभर खसखस पिकत राहिली. सर ती ऐकून घेत.

मॅडम अजूनही वाटेत भेटल्या की "नमस्कार, सर" म्हणतात. पूर्वी त्या थांबत. आता त्या थांबत नाहीत, आणि यात सरांना काही वावगं वाटत नाही.