शालिग्राम महाराजांचं ओरडणारं यंत्र

मारुतीच्या पारासमोर अख्खं गाव लोटलं होतं. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या मोकळ्या जागेत एकेक गाय-बैल दाव्याला धरून पुढे आणला जात होता. पाटावर शालिग्राम महाराज बसलेले. त्यांच्या हातात भगव्या फडक्यात गुंडाळलेलं एक यंत्र होतं, मूठ पिस्तुलासारखी आणि पुढे गोल कडं. ते यंत्र महाराज जनावराच्या मानेवरून, कानावरून फिरवायचे. बहुतेक जनावरांपाशी ते गप्प. एखाद्यापाशी मात्र 'टींऽऽ' करून ओरडायचं, की सगळा गाव हात जोडून "जय हो!"

"ऐका भक्तहो!" महाराज गरजले. "ही नागमण्याची शक्ती! अमेरिकेचे शास्त्रज्ञ पाया पडून मागत होते, मी दिली नाही. ज्याला बाधा, त्याच्यापाशीच ही ओरडणार. हाताला तप लागतं, तप! दुसऱ्यानं धरली तर हात जळून कोळसा होईल!"

यंत्र ज्या जनावरापाशी ओरडायचं त्याचं दावं लगेच महाराजांच्या माणसाच्या हाती जायचं. ते 'बाधित' जनावर महाराजांच्या गोशाळेला दान. गोशाळा कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. टेम्पो मात्र पाराच्या मागेच उभा होता.

मी डॉक्टर नूतन. धुळ्याच्या या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात असते. त्या दिवशी लस टोचायला आले होते, तर माझ्याकडे एक शेळीसुद्धा फिरकली नाही. लम्पीच्या साथीनं गावातली बरीच जनावरं दगावली होती, माणसं घाबरली होती, हे मला कळत होतं. पण टेम्पोत चढवलेली जनावरं पाहिली आणि माझं डोकं सणकलं. एकजात धष्टपुष्ट, भरपूर दूध देणारी! बाधेलासुद्धा चांगलं गिऱ्हाईक कळतं म्हणायचं.

त्या प्रत्येकाच्या कानात गोल बटणासारखा पिवळा बिल्ला होता. तो मीच मारलेला. ज्यांनी जनावराचा विमा उतरवला त्यांच्याच जनावरांना तो बसतो, आणि विमा माणूस चांगल्या जनावराचाच उतरवतो. बाकीच्यांच्या कानात नुसती आकडे छापलेली साधी पट्टी असते. महाराजांच्या फडक्यात काय आहे ते मी ओळखलं होतं. तसलंच एक माझ्या जीपमध्ये पडलेलं होतं, म्हणून ते आणायला मी मागे वळले.

जीपचं दार उघडते तोच पाठीमागे पुन्हा 'टींऽऽ' झालं. या वेळी 'जय हो' आलं नाही.

परत आले तर बेबाबाई महाराजांच्या पाया पडायला वाकलेली, तशीच अर्धवट वाकलेली उभी. यंत्र तिच्या कमरेजवळ होतं आणि ओरडत होतं. खरं सांगू? महाराज स्वतःच दचकले होते. पाटावरून पडता पडता वाचले. पण धंदा पक्का मुरलेला. पुढच्या श्वासाला बोट रोखलं आणि किंचाळले, "सापडली! हीच! हिच्याच नजरेनं तुमची जनावरं मेली! डाकीण आहे ही!"

बेबाबाई म्हणजे विधवा बाई, साठी ओलांडलेली. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना तिचे हात लागलेले. सून दिपमाला शेजारीच उभी होती. तिनं नातवाला झटकन ओढून पदराखाली घेतलं. बेबाबाईनं ते पाहिलं. दुसऱ्याच कुणाबद्दल काही चाललंय असं तिचं तोंड झालं होतं.

पोलीस पाटील रुपचंद आबा घसा खाकरत पुढे आले. "बेबाअक्का, गावनं भलं शे तर तू सांजनी यष्टीनी माहेरले चालनी जाय. आमी काय वाईट म्हनत नही. पन मशीन सांगस ना."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कालपर्यंत जिच्या ओट्यावर ही माणसं चहा पीत होती तिला हाकलायला मिनिटभर पुरलं.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "माझ्याकडेही तसलीच मशीन आहे. सरकारनं दिलीय. तपबिप काही लागत नाही, चार्जर लागतो."

महाराज ओरडले, "स्त्रीनं धरली तर अनर्थ होईल!"

"आमची आली तेव्हा झालाच होता अनर्थ," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी मुकी बसली. शिपाई म्हणाला, मॅडम, नारळ फोडा. मी आधी तिला रात्रभर चार्ज केलं, मग सेटिंग उघडून जनावरांचा बिल्ला वाचायचं निवडलं, आवाज चालू केला. एका माहितीच्या गायीवर तपासून बघितली आणि बोलायला लागली. नारळ शिपायानं खाल्ला."

कुणीतरी फिसकन हसलं. मी यंत्र पुढच्या रांगेतल्या तानुबाईच्या हातात दिलं. "तानुअक्का, मनगटातलं लोखंडी कडं जरा मागे सारा, लोखंड जवळ असलं की नीट वाचत नाही. हं. आता हे बटण दाबून धरा आणि टेम्पोतल्या त्या गायीच्या कानाजवळ हळूहळू न्या."

तानुबाई यंत्र अंगापासून लांब धरून गेली. 'टींऽऽ!'

"माय वं!" तानुबाई ओरडली, आणि मग हात उलटासुलटा करून बघितला. "जळना नही वं हात!"

"काचेवर आकडे आलेत ना? ते त्या गायीचे. बिल्ल्यात तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि एक चिमुकली चिप. आत बॅटरी नसते. बटण दाबलं की यंत्रातून लहरी निघतात. त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. बिल्ला वीतभर अंतरावर आला की यंत्र वाजतं, लांब असला की गप्प. आता साधी पट्टीवाली गाय बघा."

गप्प. दुसरी, तिसरी, सगळ्या गप्प. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मग बेबाअक्काले काय शे?" आबांनी विचारलं. "तिना कानमा काय बिल्ला शे का?"

मला अंदाज होता. पोळ्यानंतर बेबाबाईचा कबऱ्या बैल लम्पीनं गेला. मी पोचले तोवर त्याला पुरलं होतं. विमा मिळायचा तर बिल्ला जमा करावा लागतो. तो मी मागितला, तर बेबाबाई मान खाली घालून म्हणाली होती, "हाराई गया." त्या बिल्ल्यापायी तिच्या हातचे विम्याचे पैसे गेले. आपल्याकडे घरचा बैल गेला की त्याचं घुंगरू देव्हाऱ्यात ठेवतात. कबऱ्याच्या गळ्यात घुंगरू नव्हतं.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "अक्का, कबऱ्याचा बिल्ला कुठे आहे?"

तिनं पदर बाजूला सारला. मग कमरेचा बटवा काढून त्यातून तो पिवळा बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. "मना कबऱ्यानी याद शे," एवढंच म्हणाली.

मी बिल्ला पाराच्या कट्ट्यावर ठेवला. तानुबाईनं यंत्र बेबाबाईच्या कमरेजवळ धरलं. गप्प. मग मी बिल्ला उचलला आणि रुपचंद आबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. तानुबाईनं यंत्र तिकडे वळवलं. 'टींऽऽ!'

"आबा डाकीन!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा गाव खदखदून हसला. मग मी तोच बिल्ला महाराजांच्या झोळीत टाकला. भगव्या फडक्यातलं त्यांचंच यंत्र त्यांच्यावर ओरडायला लागलं, आणि महाराजांना बटण सोडायचंही सुचेना. पोरांनी फडकं ओढलं. आत काळं प्लॅस्टिक, काचेवर कबऱ्याचा नंबर. महाराज बिल्ले मारायच्या कामावर होते म्हणे एकेकाळी, तिथून यंत्र घेऊन पळालेले. जनावरं टेम्पोतून उतरली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, म्हणून मी पोलिसांना फोन लावला.

सगळे खुशीत होते. आबा हसत हसत बेबाबाईकडे आले. "अक्का, मिटनं समदं! मशीननीच सांगं, तुन्हा काही दोष नही. चाल घर."

बेबाबाईनं आबांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मशीननी सांगं, तवय मी डाकीन," ती म्हणाली. "आते मशीननीच सांगं, तवय मी चांगली. आबा, जलमभर तुमना शेजारले ऱ्हायनू. माले कोनी इचारं का?"

मीही विचारलं होतं ते बिल्ल्याबद्दलच.

संध्याकाळच्या एसटीनं ती माहेरी गेली. आता तिला कुणी हाकललं नव्हतं. दिपमाला पोराला कडेवर घेऊन बसपर्यंत धावली, पाया पडली. बेबाबाईनं नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चढली. परत येणार का, हे तिनं सांगितलं नाही.

म्हणून बाबांनो, सांगते. बाबाच्या हातातलं यंत्र ओरडलं तर ते का ओरडलं हे विचारा, फडकं सोडून बघा, स्वतः बटण दाबून बघा. डॉक्टरच्या हातातलं ओरडलं तरी हेच करा. आणि हे सगळं करायच्या आधी, ज्या माणसाला तुम्ही जन्मभर ओळखता त्याच्याशी दोन शब्द बोला. तेवढ्याला कुठलं यंत्र लागत नाही.