माडीवरची हळद

जात्याच्या खुंट्याच्या बुडाशी, लाकूड जिथं दगडात उतरतं तिथं, पिवळी रेघ उरलीच होती. रुख्मिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती पुन्हा पुसली, आता गेली असं वाटलं, आणि बोट उचलून पाहिलं तर रेघ तिथंच — उलट लाकडाच्या चिरेत आणखी आत शिरलेली... नखानं खरवडली. नख पिवळं झालं.

उन्हं कलली की कंपाउंडर खोली पाहायला येणार होता.

मालेगावात दवाखाना निघाल्यापासून बाहेरगावची नोकरमाणसं यायला लागली होती, बिऱ्हाडाला जागा शोधत होती, आणि जगदेवनं मागच्या कापसावर घरावर ही माडी चढवली ती त्यासाठीच. 'पैसा पेटीत ठेवला तं झोपते, खोलीत घातला तं कमावते,' असं तो ओट्यावर बसून चारचौघांत सांगायचा. तेव्हा सांगायचा. मग माघात धनजचे रामराव आले, चहा घेतला, जिन्याशी उभं राहून मान वर करून म्हणाले, "जागा झकास काढली, जगदेवराव. पोरीले हवा भेटंल." पोरीचं नाव रुख्मिणीनं विचारलं नाही. अजूनही तिला ते माहीत नव्हतं. धनजची — एवढंच. लग्नाला इतकी वर्षं होऊन ज्या घरात पाळण्याची दोरी टांगली गेली नाही, त्या घरात दुसरीची गोष्ट निघणार, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण गोष्ट निघणं वेगळं आणि तिला जिना असणं वेगळं.

त्या रात्री तिनंच विचारलं होतं. जगदेव पायातला काटा काढत बसला होता, मान वर न करता बोलला, "आखाजीच्या सणापावतर भाडेकरू भेटला तं देऊन टाकू खोली. मंग जागाच नाई, तं गोष्ट कायची? नाई भेटला तं..."

"तं काय?"

"तं पाहू."

त्या 'पाहू'च्या अलीकडच्या काठावर ती तेव्हापासून उभी होती.

म्हणून तर हे सगळं. मोकळी खोली कोण घेतं? भिंतीच दिसतात मोकळ्या खोलीत. माणसाला तिथं आपला संसार दिसला पाहिजे — इथं मी निजेन, इथं आंघोळीचा पंचा टांगेन, इथं उभी राहून कुंकू लावीन — असं आल्याआल्या वाटलं पाहिजे. हे तिचं तिलाच सुचलं होतं. तिनं आपल्या आंदणातला पलंग वर चढवला, नवी नवार विणून घेतली. दोन तोंडांची चूल घातली, मोरीला घोटून गिलावा केला, भिंतीच्या बुडाला गेरूचा पट्टा ओढला, वर आरसा टांगला. खिडकीला आपल्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला. वारा आला की तो पोटात हवा भरून घ्यायचा आणि मग हळूच सोडून द्यायचा. पलंगावर ती बसून पाहायला गेली तर पलंग कुरकुरला. एवढासा आवाज, पण फळ्यांच्या जमिनीतून तो खाली गेला असणार... खाली, जिथं माझं अंथरूण असतं. ती तशीच उठली, वाटीत तेल घेऊन आली आणि पलंगाच्या चारही सांध्यांत थेंब थेंब सोडत राहिली, आणि सोडता सोडता हात थांबला. हे मी कुणासाठी करते आहे? कंपाउंडरच्या झोपेसाठी, की... खोली जितकी भाडेकरूच्या मनात भरावी, तितकीच ती नवरीच्याही मनात भरणार होती. एकच पडदा, एकच आरसा, एकच तेल दिलेला पलंग. दोन वाटांपैकी कुठल्या वाटेवर आपण सडा घालतो आहोत, ते सडा घालणारीला कळू नये, असं कसं...

आणि वर हे जातं.

"माडीवर जातं कोन ठेवते वं?" शेजारची चतुराबाई हसली होती. "उद्या म्हनशील, इहीरही वरच खंदा!" पण रुख्मिणीला पक्कं वाटत होतं. बिऱ्हाड करणारी परगावची बाई आधी विचारते ते हेच, की दळण कुणाच्या दारात घेऊन जायचं? मालकिणीच्या जात्याशी पाळी लावायची, तिचा चेहरा पाहायचा, हे कुणाला हवं असतं? म्हणून आईचं जातं तिनं वर नेऊन बसवलं, दगडाला टाकी लावून घेतली. आणि नव्या जागी जातं मांडलं की पहिली मूठ हळदीची, हा तिच्या माहेरचा रिवाज. वर्षाची हळद दळायचीच होती. एकटीला जड जाईल म्हणून आज सकाळी गल्लीतल्या बाया बोलावल्या, आणि बाया आल्या, आणि कुणी तरी खुंट्याला हौसेनं सुताचा धागा बांधला, आणि चतुराबाईनं गळा मोकळा केला —

हळकुंड बाई फुटे, जात्याच्या गं पोटी
पिवळी माझी ओटी, भरू द्या गं

— आणि रुख्मिणीनं पाठोपाठ सूर धरला. धरला! लहानपणापासून गळ्यात बसलेला सूर, तो विचारून थोडाच येतो. हात फिरत होते, पिवळी धूळ उन्हाच्या तिरिपेत चढत होती, चेहऱ्यांवर बसत होती, सारवण वाळून फळ्यांमध्ये ज्या फटी पडल्या होत्या त्यांतून खाली झरत होती, आणि ती गात होती. दळण सरल्यावर, बाया पदर झटकून उठायला लागल्या तेव्हा, तिची नजर त्यांच्यावरून फिरली आणि आपल्यावर येऊन थांबली. पाच. पाच सवाष्णी, खुंट्याला धागा, हळद, गाणं... लग्नघरात मांडव घालायच्या आधी असंच दळतात. हळद लागली, की मग लग्न फिरत नाही.

धागा तिनं तोडून चुलीत टाकला. तेव्हापासून ती रेघ पुसत होती.

"रुख्मिने! हायेस काय वं वर?" जिन्यावर पावलं वाजली. चतुराबाई धापा टाकत वर आली आणि दारातच उभी राहिली. एरवी सांगायच्या आधी हसणारी बाई आज हसत नव्हती.

"काय झालं?"

"माय, तुले सांगतलं नसतं... पन दुसरीनं सांगन्यापरीस मी बरी. बजारात बोलून राह्यले, का जगदेवची हळद दळली म्हनून."

"कोन बोललं?"

"कोन कायले बोलते? तुह्या नवऱ्याच्या टोपीनं सांगतलं!" चतुराबाईनं कपाळावर हात मारला. "सकाळी आपन दळत होतो तवा खाली ओसरीत बसला होता नं तो? वरून पडली त्याच्या टोपीवर. पिवळीजर्द! तशीच घालून बजारात गेला. लोकायनं इचारलं, काय जगदेवभाऊ, लागली काय हळद? नवरदेव कवा होनार?"

"मंग?"

चतुराबाई पडद्याकडे पाहायला लागली.

"मंग काय म्हनाले ते?"

"काई नाई म्हनाला. हसला."

हसला... जगदेव कसा हसला असेल ते रुख्मिणीला दिसलं. ओठ मिटलेले, डावा गाल किंचित आत ओढलेला. कापसाला भाव आला तेव्हा हसला होता तसा. तिलाच पाहायला आला तेव्हाही तसाच, खाली मान घालून...

"दिल्लीले कायदा होऊन राह्यला म्हनते," चतुराबाई खालच्या आवाजात म्हणाली. "मंग दुसरी करता येनार नाई. म्हनून धनजवाल्यायले घाई. तू आज हे खोली देऊनच टाक, माय. फुकट दे, पन दे."

कंपाउंडर आला तो बायकोला घेऊन. तो पायजमा-सदऱ्यातला, किरकोळ. ती ठेंगणी, नजर चपळ. जगदेव त्यांना वर घेऊन आला आणि दाराला टेकून उभा राहिला. टोपी डोक्यावरच होती. कडेला, शिवणीत, पिवळं होतं. झटकायला एक बोटसुद्धा लागलं नसतं.

बाईनं खोली पाहायला सुरुवात केली. खिडकी उघडली, मिटली. मोरीत वाकली. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, पलंगाची नवार दाबून पाहिली. आणि रुख्मिणी भिंतीशी पाठ लावून उभी — कारण हे असं तिनं एकदा सोसलं होतं. चाल बघू पोरी. केस मोकळे सोड. तळवे दाखव. सुपारी फोडता येते? आणि ती चालली होती, केस सोडले होते, आणि मनात एकच होतं, की यांना मी आवडू दे... का आवडायचं, ते कुठं माहीत होतं. धनजचीलाही याच महिन्यात कुणी तरी असं चालायला लावलं असेल. जगदेवनंच लावलं असेल. पोर चालली असेल.

हे आत्ताच का मनात यावं, तिला कळेना. इतके दिवस धनजचीला चेहरा नव्हता. आज एकदम तिची पावलं दिसली, घाबरून सरळ रेघेत पडणारी.

"अहो, जातं आहे!" कंपाउंडरची बायको आनंदून ओरडली. "इथं वरच! खाली जायला नको." ती बसलीच जात्याशी, खुंटा धरून पाव फेरा फिरवला, आणि हात उचलून पाहिला. चारही बोटं पिवळी. तिनं रुख्मिणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे बाजारात सांगत होते ते खरं का?" कंपाउंडर अवघडून जगदेवला म्हणाला. "तुमच्या घरात कार्य आहे म्हणत होते. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मालक. बिऱ्हाड आणायचं आणि महिन्यानं हलवायचं, असं नको. खोली द्यायची आहे ना?"

पडद्यानं पोटात वारा भरून घेतला.

जगदेव चपलेच्या अंगठ्यानं फळीची फट दाबत होता. रुख्मिणीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. 'पाहू' तिथं ओठांच्या आत येऊन बसलं होतं, फक्त दार उघडायचा अवकाश.

"द्यायची हाये," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तो दळताना निघतो तसा, पोटातून. जगदेवनं चमकून वर पाहिलं.

"मालकीणबाई म्हणतात द्यायची," कंपाउंडर थांबला. "आणि तुम्ही?"

"सांगतो सकाळी," जगदेव म्हणाला, आणि जिना उतरला. त्याच्यामागून ती दोघंही गेली. दारात कंपाउंडरची बायको एकदा वळली, जात्याकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं, आणि पिवळी बोटं लुगड्याला पुसत उतरली.

खाली बाज वाजली. जगदेव ओसरीत बसला असणार, अगदी फळ्यांच्या खाली, सकाळच्या जागी.

रुख्मिणीनं सुपात ज्वारी घेतली आणि जात्याशी बसली. हळदीनंतर जातं धुवायचं नसतं, त्यात धान्य दळूनच ते निवळावं लागतं, हे आईनं सांगितलं होतं; किती दळावं ते नव्हतं सांगितलं. पहिल्या मुठीचं पीठ पिवळं पडलं. दुसऱ्या मुठीचंही. समोरची जागा मोकळी होती. जात्याला एरवी दोघी बसतात, खुंट्यावर हातावर हात येतो... त्या मोकळ्या जागेत एक घाबरं पाऊल येऊन थांबल्यासारखं वाटलं, आणि रुख्मिणीला त्याचा राग आला नाही. राग होता, पण तो त्या बाजूला जात नव्हता. तो खाली जात होता. फटींतून, पिठासारखा.

सकाळी हळद सरल्यावर, जात्यात उरलेली आणखी खाली झरू नये म्हणून जात्याभोवती तिनं गोणपाट अंथरलं होतं. ते तिनं ओढून बाजूला केलं.

आता पीठ किंचित उजळलं होतं — की उजेडच कमी झाला होता? खालून जगदेव खाकरला. पडत असेल त्याच्यावर, टोपीवर, खांद्यांवर, भुवयांवर... पिवळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर पांढरं, आणि तो बसला असेल न झटकता, कुणी तरी येऊन झटकावं म्हणून, केस पिकलेल्या म्हाताऱ्यासारखा. तिला तो तसा स्पष्ट दिसला आणि, आश्चर्य म्हणजे, दया आली नाही. गळ्याशी सूर आला होता. सकाळचा नव्हता. शब्द अजून कुठलेच नव्हते त्याला, आणि ते शोधायला ती थांबली नाही; मूठ भरली, जात्याच्या तोंडात घातली, खुंटा ओढला.

"रुख्मिने," खालून हाक आली. "काहून दळून राह्यली आता? पुरे कर."

ओंजळीत धरून पाहावं तर पीठ अजून पिवळंच होतं. तिनं पुढची मूठ घातली.