गोल नाकाची गोळी

फसली १३४४ च्या, म्हणजे इसवी १९३४ च्या थंडीत भोकरदनच्या कोतवालीत, म्हणजे पोलीस ठाण्यात, एक लाकडी पेटी आणि एक परिपत्रक एकाच मोटारीने आलं. पेटीत दोन जातींची काडतुसं होती. परिपत्रकात लिहिलं होतं की गोल नाकाच्या जुन्या गोळीचा साठा यंदा संपवायचा आहे आणि टोकदार नव्या गोळीचा सुरू करायचा आहे. तरी लांबच्या निशाणासाठी दोन्हींपैकी कोणती पसंत, ते प्रत्येक तहसिलीने सकारण लेखी कळवावं. खाली आणखी एक कलम होतं, ते कोणी मोठ्याने वाचलं नाही. जालन्याच्या चांदमारीवर ज्या जवानाच्या वीसपैकी बारा गोळ्या निशाणावर लागणार नाहीत, त्याची नजर सरकारी दवाखान्यात तपासली जाईल, आणि नजर कमी भरली तर त्याला नाकारा ठरवून घरी पाठवलं जाईल.

आमच्या गावच्या कोतवालीत हे कलम ज्याच्यासाठी लिहिल्यासारखं होतं असा एकच जवान होता, कडूबा. वय अठ्ठेचाळीस, नोकरी अठ्ठावीस वर्षं, पेन्शनीला दोन वर्षं बाकी. बाकीचे जवान विशीतले होते. त्यांची नजर इतकी चांगली की पाणवठ्यावरच्या बायकांनी पाटलाकडे तक्रार केली होती.

पेटीत एक इंग्रजी पुस्तिकाही निघाली. कोतवालीच्या अमीनसाहेबांचं, म्हणजे फौजदारांचं, इंग्रजी सहीपुरतं असल्यामुळे ते पुस्तिका घेऊन तहसिलीत माझ्याकडे आले. मी तिथे अहलकार, म्हणजे कारकून होतो, आणि हैदराबादेहून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो होतो. बंदूक मी कधी उचलली नव्हती. दिवाळीत टिकल्यासुद्धा लांबूनच वाजवत असे. पण मला इंग्रजी येत होतं, आणि गोळी विलायतेची होती.

"केशवराव, आप पढ़ेलिखे हैं," अमीनसाहेब म्हणाले. "लिख दो, कौनसी अच्छी."

मी चार पानांचा कागद लिहिला. पहिल्या पानावर गोल गोळी जड आणि संथ असल्याचं, दुसऱ्यावर टोकदार गोळी हलकी आणि चपळ असल्याचं, तिसऱ्यावर वारा जड संथ गोळीला जास्त ढकलतो हे, आणि चौथ्यावर यार्डांचा हिशोब. सहाशे यार्डांवर टोकदार गोळी निर्विवाद श्रेष्ठ, असा शेवट केला. अमीनसाहेबांना तो उर्दूत वाचून दाखवला, तेव्हा ते तिसऱ्या पानावर झोपले आणि चौथ्यावर उठून म्हणाले, "बहुत खूब."

आठवड्याभरात भोकरदनच्या पेठेत दोन पक्ष पडले. टोकदार पक्षात मी आणि कापडवाले बद्रीनाथशेठ. शेठजींचं म्हणणं, नवा माल आला की जुन्याकडे बघायचं नसतं. गोल पक्षाचे पुढारी धर्मराज जमादार. जालन्याच्या छावणीत नोकरी करून ते आता घरी बसले होते. घरी म्हणजे पानाच्या ठेल्यावर.

"गोल नाकाची गोळी खानदानी असती," जमादार म्हणायचे. "लागली तं माणसाला कळतं तरी, की बाबा लागली. ही टोकदार कधी आली, कधी गेली, पत्ता न्हाई. असली गोळी काय कामाची?"

"जमादार, माणसाला नाही, फळ्याला मारायची आहे."

"फळ्याला बी इज्जत हाय, केशवराव!"

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं काडतूस न बघता गोल किंवा टोकदार होऊन परत गेली. ज्याला ती गोळी झाडायची होती, त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो कोतवालीच्या दारात पहाऱ्यावर उभा असे.

एकदा मी विचारलं. "कडूबा, तुम्हाला कोणती पसंत?"

"आमाला काय, सरकार देईन ती." मग म्हणाला, "गोल असती तं बरं होतं."

"का?"

"सवय हाय."

सवय हे कारण होत नाही, हे मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने ते पहारा बदलेपर्यंत ऐकलं. पहाऱ्यावरच्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणखीही एक गोष्ट ध्यानात यायला हवी होती. मारुतीच्या देवळात संध्याकाळी पोथी वाचायचा मान कडूबाचा होता; पण दोन वर्षं झाली, त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला होता. घसा बसला म्हणून. बसलेल्या घशाने तो रात्री गस्तीवर "हुश्शार" असा ओरडायचा की नदीपलीकडची कुत्री उठत.

चांदमारीच्या दिवशी अमीनसाहेबांनी मलाही जालन्याला नेलं. माझा कागद वर फार आवडला होता, म्हणे. गोल पक्षाच्या वतीने धर्मराज जमादार स्वखर्चाने मोटारीत बसले.

मैदानाच्या एका टोकाला मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याच्या कोतवालीचे मुख्य अंमलदार, खुर्चीवर बसले होते. सहाशे यार्डांवर, टेकडीच्या पायथ्याशी, पांढरे फळे उभे होते. टेबलावर दोन पेट्या उघड्या ठेवलेल्या, आणि शेजारी माझी चार पानं, वर दगड.

भोकरदनचा नंबर यायला अवकाश होता. मी कडूबाला बाजूला घेतलं आणि खिशातली चिठ्ठी दिली. बंदुकीच्या नळीवर एक उभी पट्टी असते, तिच्यावर यार्डांचे आकडे कोरलेले असतात आणि एक कडी वरखाली सरकते. ती पट्टी जुन्या गोळीच्या हिशोबाने कोरलेली होती. टोकदार गोळी सरळ जात असल्याने सहाशेच्या निशाणाला कडी साडेचारशेवर ठेवायची, असं मी चिठ्ठीत लिहिलं होतं.

कडूबाने चिठ्ठी धरली. मग हात लांब केला. मग आणखी लांब केला. हात संपला तेव्हा त्याने मान मागे नेली.

"काय लिहलंय?" तो म्हणाला.

मी चिठ्ठीकडे बघितलं, मग त्याच्या डोळ्यांकडे.

"त्या टेकडीवर बोरीचं झाड हाय न," तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्याच्या शेंड्याला होला बसलाय. त्यो दिसून राह्यला मला. हातातला कागद दिसत न्हाई. दोन सालं झाली."

"मग चष्मा का नाही घेतला?"

"चष्मेवाला जवान पाह्यलाय का कुठं, केशवराव?"

पाहिला नव्हता. तरी मी म्हणालो, "मग इतके दिवस कडी कशी लावता?"

त्याने डोळे मिटले. पट्टी उभी केली, अंगठ्याने कडी सरकवली आणि बंदूक माझ्यापुढे केली. कडी बरोबर सहाशेवर होती.

"चांदमारी कायम सहाशेचीच. अंगठ्याला पाठ झालं. हे साडेचारशे त्याच्या कधी वाट्यालाच आलं न्हाई."

"मी लावून देतो."

"दर पाच गोळ्यांनी पट्टी पाडून पुन्हा लावायची अस्ती. ज्याची त्यानं. दुसऱ्याचा हात लागला की बाद."

"आणि सहाशेवर ठेवून टोकदार मारली तर?"

"तुम्हीच लिहलंय न. वरून जाईन, त्या होल्याला लागंल." तो हसला. मग म्हणाला, "घरी बायकोला, दुर्गाला, काई सांगू नका. तिला वाटतं, पोथी मी कंटाळा आला म्हणून सोडली."

तेवढ्यात भोकरदनची हाक आली.

मोहतमीमसाहेबांनी दगड बाजूला केला आणि माझी पानं उचलली. "ये किसने लिखा? निहायत उम्दा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भोकरदन को नोकदार."

जन्मात पहिल्यांदा माझं लिखाण एवढ्या लोकांपुढे वाखाणलं जात होतं. ते आणखी थोडा वेळ चालावं असं मला वाटलं, हे कबूल करतो. मग मी पुढे झालो.

"हुजूर, हिसाब में गलती है."

"कैसी गलती?"

खरं कारण सांगता येत नव्हतं, आणि खोटं तयार नव्हतं. "जहाँ गज लेना था, वहाँ फूट लिया."

"चारों सफ़ों में?"

"जी. चारों में."

मागून धर्मराज जमादारांचा आवाज आला, "आमी पह्यल्या दिसापून सांगून राह्यलो, हुजूर!"

मोहतमीमसाहेबांनी लाल शाईने पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहिलं: अहलकार का हिसाब कच्चा. गोल गोली दी जाए. ज्याचं पोट शेतसाऱ्याच्या बेरजांवर चालतं, अशा माणसाला हा शेरा जन्मभर पुरतो.

कडूबा पोटावर झोपला. पहिल्या पाचांत चार लागल्या. दुसऱ्या पाचांतही चार. फळ्यापाशी खड्ड्यात बसलेला माणूस लागली की पांढरी थाळी दाखवी, हुकली की लाल झेंडी. मग टेकडीकडून वारा सुटला, आणि माझ्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं तसा, अगदी तसाच, तो गोल गोळीला बाजूला ढकलू लागला. आपलं लिखाण एवढं खरं ठरताना पाहून कोणाला इतकं वाईट वाटलं नसेल. तिसऱ्या पाचांत दोनच लागल्या. दहा झाल्या. पाच उरल्या, दोन हव्या.

सोळावी, लाल. सतरावी, लाल. अठरावी, पांढरी. एकोणिसावी, लाल.

कडूबा थांबला. बंदुकीवरून गाल काढला आणि लांब बघत राहिला. फळ्याकडे नव्हे, त्या बोरीकडे. तिचा शेंडा वाऱ्याने वाकला होता. मोहतमीमसाहेबांनी घड्याळ काढलं. शेंडा जरा सरळ झाला, तसा कडूबाने गाल टेकला आणि झाडली.

थाळी वर यायला उशीर लागला. खड्ड्यातल्या माणसाला बहुधा गोळीचं भोक सापडत नव्हतं. मग आली. पांढरी.

"बारा," अमीनसाहेब म्हणाले, आणि त्यांनी डबीतलं पान सगळ्यांत आधी मला दिलं, माझी समजूत काढायला.

परतीच्या मोटारीत जमादार पुढे बसून ड्रायव्हरला फूट आणि यार्डातला फरक सांगत होते. मागच्या बाकावर आम्ही दोघं. राजूर मागे पडल्यावर कडूबा माझ्याकडे वळला.

"वाऱ्यानं लई ढकलली गोळी," तो म्हणाला.

"हो."

"टोकदार येवढी ढकलली जात न्हाई, न?"

"नाही."

"मंग तुमचा कागद बराबर होता."

मी बाहेर कपाशी बघत होतो.

"गोल आता संपली," कडूबा म्हणाला. "पुढल्या साली टोकदारच. सोमवारी मी पहाऱ्यावर हाय. बंदूक हातात असंल. येऊन जरा अंगठ्याला साडेचारशे दाखवून जा."

सोमवारी मी गेलो. मंगळवारीही. तो डोळे मिटून कडी सरकवायचा आणि मी आकडा वाचून सांगायचा, "जरा खाली. अजून जरा. हां, इथं." महिनाभर रोज कचेरीत जाताना हा कार्यक्रम झाला. पेठेतून तो सगळ्यांना दिसत असे, आणि धर्मराज जमादारांनी ठेल्यावर त्याचा अर्थही लावून ठेवला होता: बी.ए. झालेल्या कारकुनाला अखेर शिपायाकडून मोजणी शिकावी लागून राह्यली.