सातवी ओळ

चष्म्याच्या दुकानात पुढे बाई नंबर काढायच्या आणि मागे, प्लायवूडच्या फळीआड, तो काचा घासायचा. दुकानात सगळे त्याला कवी म्हणत. मालकांनी कौतुकाने पाडलेलं नाव होतं, पण कौतुक आणि चेष्टा यांत कधीकधी एका फळीएवढंच अंतर असतं.

वय पंचेचाळीस, राहायला बहिणीकडे. ताईने आजवर दोघीजणींशी गाठ घालून दिली होती आणि दोघींनाही त्याने पहिल्याच भेटीत कविता ऐकवल्या. एकीने मधेच फोन काढला. दुसरी "छान" म्हणाली आणि पुन्हा भेटली नाही. "अरे, आधी तिला कशी आहेस म्हणून तरी विचारायचं," ताई कपाळाला हात लावून म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. मनापासून लिहिलेल्या ओळींवर बाईमाणूस भाळतंच, असं तो धरून चालला होता, आणि एकदा धरलेलं सोडायची त्याला सवय नव्हती.

बाई त्रेचाळीस वर्षांच्या, आईला सांभाळून राहणाऱ्या. सहा वर्षं दोघं एकाच दुकानात होते. या सहा वर्षांत त्याने त्यांच्या डोळ्यांवर दोन वह्या भरल्या होत्या, आणि त्यांच्याशी बोलणं म्हणाल तर "उजवी काच झाली का?" आणि "झाली" एवढंच.

मागच्या वर्षी जवळचा नंबर तपासायचं कार्ड फाटलं. त्यावर सात ओळी असतात, वरची ठसठशीत आणि मग प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा बारीक. "कवी, नवीन मजकूर तूच लिही," मालक म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा तशी गत झाली. त्याने आठवडाभर खपून लिहिलं:

तुझ्या डोळ्यांत
माझं घर दिसतं मला,
माझ्या घराची खिडकी,
खिडकीत लावलेला दिवा,
दिव्यापाशी राखून ठेवलेली जागा,
आणि त्या जागेवर कुणीच नाही.
संध्याकाळी दुकान मिटल्यावर थांबशील?

सातवी ओळ मुंगीएवढ्या अक्षरात छापून आली. त्या दिवसापासून तो दुकान मिटल्यावर दहा मिनिटं फळीआड रेंगाळायचा. बाई पर्स उचलायच्या, "येते" म्हणायच्या आणि जायच्या.

दिवसभर मात्र कविता दुकानात घुमत असायची. दम लागलेली, खाकरणारी, चिडकी अशी नाना माणसं ती अडखळत वाचायची आणि बहुतेकांची गाडी पाचव्या ओळीवर रुतायची. एकदा एक आजोबा थेट सातवीपर्यंत पोचले. तो काचा घासायचं चाक बंद करून कान देऊन उभा राहिला. "थांबलो असतो हो," आजोबा म्हणाले, "पण सून वाट बघत असेल." बाई मनापासून हसल्या. त्याने स्वतःची समजूत घातली की कार्ड धरताना अक्षरं गिऱ्हाइकाकडे असतात, बाईंकडे कोरी बाजू. त्यांनी ऐकलंय, स्वतः वाचलेलं नाही. अशी समजूत घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग गेल्या सोमवारी बाई फळीआड आल्या. हातात एक नाजूक, तपकिरी फ्रेम आणि एक चिठ्ठी होती.

"हा माझा नंबर. जवळचा. उद्यापर्यंत होईल?"

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईंना जवळचं दिसतच नव्हतं! म्हणजे सातवी ओळ त्यांना वाचताच आली नव्हती, आणि तो वेडा वर्षभर उत्तराची वाट बघत बसला होता. त्याने त्या काचा अशा घासल्या की तशा आयुष्यात घासल्या नव्हत्या. जेवणाची सुट्टीही घेतली नाही. कडा तीन वेळा पुसल्या, फ्रेमचे स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. बाईंनी चष्मा घातला, कार्ड उचललं आणि वरपासून वाचत गेल्या. कुठेही न अडखळता, गिऱ्हाइकाला सूचना द्यायच्या त्याच आवाजात त्या सातवी ओळही वाचून मोकळ्या झाल्या.

"स्वच्छ दिसतंय," त्या म्हणाल्या. "छान घासल्यात काचा."

"वाचलंत ना?" त्याने विचारलं.

बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "अहो, ते मी पहिल्याच दिवशी वाचलं. छपाईत चूक नको म्हणून भिंग लावून."

"मग काही बोलला नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही बोलाल. महिनाभर वाट बघितली मी. तुम्ही फळीआडून बाहेरच आला नाहीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "कविता चांगली आहे. पण तिच्यात तुमचं घर आहे, तुमची खिडकी आहे, तुमचा दिवा आहे. मी वर्षभर हात लांब करून चिठ्ठ्या वाचतेय. नंबर लिहिताना दोनदा चुकले, काचा परत आल्या, त्या तुम्हीच बदलल्यात. माझ्या डोळ्यांना काय झालंय, हे तुम्हाला दिसलं नाही."

त्याला त्या दोन काचा आठवल्या. त्या बदलताना तो मनातल्या मनात यमक जुळवत होता.

"मग कुणाला दिसलं?"

"दर मंगळवारी फ्रेम घेऊन येतात ना, त्यांना. म्हणाले, बाई, तुम्ही डोळे बारीक करता. ही फ्रेम त्यांनीच निवडली." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या महिन्यात लग्न करतोय आम्ही. मालकांना अजून सांगितलेलं नाही."

फ्रेमवाला! ज्याला ट ला ट जुळवता येत नाही, पावतीवर सहीसुद्धा वाकडी करतो, तो. आणि त्याच्या फ्रेमचे स्क्रू याने स्वतःच्या हाताने आवळले होते.

तो मालकांकडे गेला आणि म्हणाला, कार्ड बदलू या, मजकूर जुना झाला. मालक हसले. "वेडा आहेस का? लोकांना आवडतंय. चांगली पाचशे कार्डं छापून ठेवलीत, दहा वर्षं बघायला नको."

तो फळीआड परतला. पुढे एक आजी येऊन बसल्या होत्या. त्याने चाक सुरू केलं आणि लगेच बंद केलं. आजी एकेक शब्द चाचपत घरापर्यंत, खिडकीपर्यंत, दिव्यापर्यंत गेल्या. रिकामी जागाही त्यांनी कशीबशी वाचली.

"खाली आणखी एक ओळ आहे वाटतं," आजी म्हणाल्या. "ती काही लागत नाही बाई मला."

"राहू द्या आजी," बाई म्हणाल्या. "ती नाही आली तरी चालतं."