सातवी शिट्टी

रेफ्रीचं कुणी नसतं, हे आधीच सांगून ठेवते. रोलर डर्बीच्या मॅचला दोन्ही टीमना कपडे बदलायला धड खोल्या मिळतात. आम्हा पट्टेरी शर्टवाल्यांना मिळतं ते जिमच्या गाद्या ठेवायचं कोठार. तिथे एका पायावर उड्या मारत स्केट चढवायचे आणि बाहेर आलं की दोन्हीकडच्या लोकांच्या शिव्या खायच्या. मॅच संपली की सगळे मिळून जेवायला जातात. आम्हालाही बोलावतात, नाही असं नाही. पण जिने दुपारभर तुमच्यावर शिट्ट्या फुंकल्या तिच्या शेजारी बसून कुणाला घास गोड लागणार? मी आपली जात नाही.

या भानगडीत मला आणलं माझ्या पोरीने. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिला नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ तो डर्बीचा हॉल. पाठीवर चौदा नंबर आणि ‘भिंगरी’ असं टोपणनाव छापून घेतलेलं. मी कपडे अल्टर करायच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतींशी बोलते. एकदा ती म्हणाली, एक रेफ्री कमी पडतोय, तुला स्केटिंग येतं ना, ये की. मी एका पायावर तयार. म्हटलं, चला, रविवार तरी पोरीच्या सोबत जाईल.

कसलं काय. आमचे मुख्य रेफ्री गाडी चालवायला शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. म्हणाले, घरच्या माणसावर घरच्याने नजर ठेवायची नाही, हा आपला नियम.

आता खेळ काय आहे ते सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. लंबगोल ट्रॅक. प्रत्येक टीमच्या चौघी एकमेकींना चिकटून भिंत करतात आणि पाचवीच्या हेल्मेटवर चांदणीचं कापडी आवरण असतं. त्याला मी टोपडं म्हणते, कारण ती सगळी मीच शिवून दिलीत. टोपडंवालीने समोरच्यांची भिंत फोडून पुढे जायचं, गोल फिरून परत यायचं आणि मग जितक्या जणींना मागे टाकेल तितके पॉइंट. प्रत्येक टीमच्या टोपडंवालीवर एकच रेफ्री. तो ट्रॅकच्या आतून तिच्या बरोबरीने पळतो आणि तिच्यावरून नजर हटवत नाही. बाजूला आग लागली तरी नाही. मध्यंतराला हे दोन रेफ्री मनगटावरच्या पट्ट्या बदलतात आणि टीमची अदलाबदल करतात.

म्हणजे बघा. जिच्याजवळ राहता यावं म्हणून तो पट्टेरी शर्ट अंगात घातला, तिच्याकडेच बघायचं नाही असं काम पदरात पडलं. पोरीची मॅच असली की मास्तर मला बाहेरच्या बाजूला उभं करायचे, नजर भिंत करणाऱ्या खेळाडूंवर. लोक ‘भिंगरी, भिंगरी’ करून हॉल डोक्यावर घ्यायचे आणि मी कुणाचं तरी कोपर बघत असायचे. घरी गेल्यावर ती विचारायची, आज बघितलंस का? मी नाही म्हणायचे. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. त्याचं मला फार लागायचं.

मग तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. बॅगा भरून दाराशी आल्या आणि जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, इथली शेवटची मॅच. मी मनाशी ठरवलं होतं, आज रेफ्रीगिरी नाही, तिकीट काढून खुर्चीत बसणार. तर सकाळी मास्तरांचा फोन. टोपडंवालीमागचा एक रेफ्री तापाने फणफणलाय, तुमच्याशिवाय मॅच होत नाही. मी त्यांना चार शब्द सुनावले आणि गेले. न जाऊन करते काय, मॅचच झाली नसती.

मास्तरांनी दोन्ही कप्तानांना विचारलं. पहिला अर्धा तास मी पांढऱ्या टीमवर, दुसरा हिरव्या टीमवर, म्हणजे माझ्या पोरीवर. चालेल का? पांढऱ्यांची कप्तान हसत सुटली. म्हणाली, शिट्टीबाई स्वतःच्या पोरीला दोन शिट्ट्या जास्तच मारतील, आमची काय हरकत?

पहिला अर्धा तास काही विचारू नका. माझी नजर पांढऱ्या टोपड्यावर आणि कान सगळे मागे. लोक उठून ओरडायचे, मला कळायचं तिने काहीतरी केलं. शिट्टी वाजायची, मला कळायचं तिने काहीतरी भलतं केलं. मध्यंतराला फळ्यावर बघितलं तर भिंगरीच्या नावावर पाच फाऊल. सातव्याला खेळाडू बाद. नुसती बाद नाही, हॉलच्या बाहेर.

हिरवी पट्टी मनगटावर चढवली. आणि मग मी माझ्या पोरीला खेळताना बघितलं.

काय सांगू. ती भिंतीवर जाऊन आदळते, मागे येते, पुन्हा आदळते आणि मग कुठून कोण जाणे, सुईत दोरा जावा तशी आरपार. वळणावर एक पाय उचलून आतल्या रेषेवरून उडी. आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, लहानपणी बुटाची नाडी बांधताना काढायची तशी. इतकी मोठी झाली तरी जीभ तीच. मी तिच्या बरोबरीने पळत होते, पॉइंटची बोटं वर करत होते, आणि बाई गं, मी रडत होते. घामाच्या नावावर खपून गेलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी बघतेय ना, एवढंच बघितलं आणि पुढे सुटली.

सहावा फाऊल दुसऱ्याच रेफ्रीने दिला. देऊ दे. मी मनात म्हणत होते, आता सांभाळ गं, माझ्यासाठी सांभाळ. अजून बराच वेळ होता.

वळणावर पांढरीने तिला कंबरेने धडक दिली. ती रेषेबाहेर गेली. नियम असा की, जिने बाहेर काढलं तिच्या मागून आत यायचं; पुढून आलं तर तो ‘कट’, म्हणजे फाऊल. ती वेगात होती. टाच आत टेकली ती पांढरीच्या वीतभर पुढे. लगेच तिने पाय मागे घेतला, पण टेकली ती टेकली. मास्तर पलीकडे होते. पांढरीची पाठ होती. लोक दुसरीकडे बघत होते. अख्ख्या हॉलमध्ये ते फक्त मला दिसलं, कारण तिच्याकडे बघायचं काम फक्त माझं होतं.

शिट्टी वाजल्यावर मला कळलं की ती मी वाजवली.

“हिरवी, चौदा, कट,” मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता.

खेळाडूने रेफ्रीशी वाद घालायचा नाही, बोलायचं ते कप्तानाने. पोरीने टोपडं काढलं, दुसरीच्या हातात दिलं आणि दाराकडे निघाली. लोकांनी माझा उद्धार सुरू केला. आणि मला तिच्या पाठीकडेसुद्धा बघता आलं नाही, कारण टोपडं आता दुसरीच्या डोक्यावर होतं आणि मला तिच्यामागे पळायचं होतं. उरलेला वेळ मी त्या परक्या मुलीकडे बघत पळत राहिले. हिरव्या हरल्या.

घरी जाताना दोघी दोन पिशव्या घेऊन चालत होतो. तिचं तोंड फुगलेलं. माझा जीव टांगणीला. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, “टेकली होती का खरंच?”

“टेकली होती.”

“मलाही वाटलं.” मग थोडं चालून म्हणाली, “त्याआधीचं बघितलंस ना?”

मी सगळं सांगितलं. भिंत कशी फोडली, वळणावर उडी कशी मारली, जीभसुद्धा. जिभेवरून चिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आता घरात मी एकटीच. तिची खोली झाडते, दार लोटून घेते, दोन भांड्यांत स्वयंपाक होतो. मास्तर हल्ली मला कुणावरही ठेवतात, आता काही अडचणच नाही ना. मी नीट बघते. बघायचं मन मात्र होत नाही.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. तिकडे एका टीममध्ये घेतलंय तिला. पहिली मॅच झाली, म्हणाली, बरेच पॉइंट काढले. मी विचारलं, फाऊल किती?

“एकही नाही.” मग म्हणाली, “दोनदा चक्क कट केलं गं आई. थांबलेसुद्धा मी, शिट्टीची वाट बघत. इथे माझ्याकडे कुणी बघतच नाही.”